इंग्लिश शिकवायचंय? आधी वर्गात शिकवा, मग ऑनलाइन या

घरबसल्या जपान, स्पेन, ब्राझीलमधल्या लोकांना इंग्लिश शिकवायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, आधी थोडे महिने माणसं समोर बसवून शिकवा, मग ती कॉलेजची पोरं असोत नाहीतर सोसायटीतल्या काकू. कुठल्या वाक्याला चेहरे कोरे होतात, कोण हळूच शेजारच्याला विचारतंय हे वर्गात आपोआप दिसतं, आणि ती नजर तयार झाली की स्क्रीनवरच्या छोट्याशा चौकटीतही कळायला लागतं. केंब्रिजच्या सेल्टा (इंग्लिश शिकवायला शिकवणाऱ्या) कोर्समध्येसुद्धा खऱ्या विद्यार्थ्यांना 6 तास शिकवून दाखवावं लागतं ते उगाच नाही.

आता मुख्य मुद्दा, वर्गातला प्लॅन जसाच्या तसा झूमवर नेऊ नका. वर्गात आपण वाक्य म्हणतो, सगळे एकदम मागून म्हणतात, त्या गलक्यात लाजरा माणूसही तोंड उघडतो. ऑनलाइन प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो, सगळी खिचडी होते. म्हणून सगळ्यांना म्यूट करायचं, तुम्ही म्हणायचं, त्यांनी आपापल्या घरी मोठ्याने म्हणायचं, ओठ हलतायत का बघायचं, मग दोघातिघांना अनम्यूट करून ऐकायचं. प्रश्न विचारतानाही असंच उलटं आहे, वर्गात आधी प्रश्न आणि मग नाव, म्हणजे सगळे विचार करतात, पण ऑनलाइन आधी नाव घ्या, नाहीतर सगळे एकमेकांची वाट बघत गप्प.

जोड्यांमध्ये बोलायला वर्गात नुसतं शेजारी वळायचं असतं. ऑनलाइन ब्रेकआउट रूममध्ये (म्हणजे मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या गटात) पाठवण्याआधी टास्कचा फोटो काढून घ्यायला सांगा, आत गेल्यावर नेमकं काय करायचंय तेच लोक विसरतात. मग रूममध्ये डोकवा, पण मध्येच थांबवू नका, चुका वहीत लिहून घ्या आणि शेवटी कोणाचं नाव न घेता चॅटमध्ये टाका, त्यांनाच दुरुस्त करू द्या.

उच्चारांसाठी मात्र ऑनलाइन मस्त आहे कारण तुमचं तोंड विद्यार्थ्याच्या अगदी जवळ असतं. स्पॅनिश बोलणाऱ्यांचं 'व्हेरी' बऱ्याचदा 'बेरी' होतं, त्यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपल्यालाही सारखेच वाटतात, तेव्हा आधी स्वतः आरशासमोर सराव करा. आवाज बसका येत असेल तर झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचं सेटिंग चालू करून बघा, आणि साधा का होईना पण हेडसेट घ्याच.

वेळेचं गणित आधी मांडा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे जपानमध्ये रात्रीचे 9, नोकरीवाले नेमके तेव्हाच मोकळे असतात, तर साओ पाउलोचे संध्याकाळचे 7 म्हणजे आपली पहाटेची साडेतीन, सो विचार करूनच हो म्हणा. स्पेनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक तास बदलतं, त्या आठवड्यात वेळ परत कन्फर्म करा. झूमची फुकटवाली मीटिंग 40 मिनिटांत बंद पडते, धडा तेवढ्यातच बसवा.

आणि सगळी कमाई एकाच देशावर किंवा ॲपवर ठेवू नका. 2021 मध्ये चीनने शाळकरी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्यांसाठी देशाबाहेरचे शिक्षक बंद केले आणि कितीतरी लोकांचं काम एका झटक्यात गेलं. गावातली एक प्रत्यक्ष बॅच चालूच राहू द्या, दोन-चार विद्यार्थी स्वतःचे थेट मिळवा, त्यांची फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या.