बिल उतरलं, पण भिंतीला बुरशी आली

इंदिरानगरचा आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. मागच्या उन्हाळ्यात गच्चीला पांढरा कोट मारला, जुन्या खिडक्या काढून रबर बीडिंगच्या, घट्ट बसणाऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) बसवल्या. एसी कमी लागू लागला, बिल उतरलं. मी खूश.

श्रावणात आईच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. तिचा खोकला महिनाभर हटत नव्हता तो वेगळाच. जुन्या खिडक्यांच्या फटींतून आपोआप हवा खेळायची, ती मीच बंद केली होती. आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ घरातच मुरत होती.

आपल्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड घरात किती साठतो, म्हणजे हवा किती कोंडते, ते बघायला त्याचं मीटर आणलं. बाहेर ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४३०), आईच्या खोलीत पहाटे १९००!

बाथरूमला एक्झॉस्ट लावला. जाळीवर कागद धरला तर दार उघडं असताना चिकटायचा, दार लावलं की गळून पडायचा. आत हवाच येत नसेल तर पंखा ओढणार काय? सुताराकडून दार खालून पाऊण इंच तासून घेतलं. आता कागद चिकटतो. खोलीची एक खिडकी रात्री दोन बोटं उघडी, कपाट भिंतीपासून चार इंच पुढे. पहाटेचा आकडा ८०० च्या आसपास.

गॅस गिझर मात्र त्याच दिवशी ड्राय बाल्कनीत हलवला. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, वासही येत नाही. प्लंबर म्हणाला, "साहेब, सगळ्यांचे आतच असतात." असोत.