सीएनसी टर्निंगवर प्रबंध करताय? या चुका टाळा

प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या एम.ई., एम.टेक. प्रबंधांत एक विषय हटकून येतो. ईएन८ (कार्बन स्टील) किंवा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा बार, तीन कटिंग स्पीड, तीन फीड (दर फेरीला टूल किती सरकतं), तीन डेप्थ ऑफ कट, तागुचीचा एल९ ॲरे (सगळी कॉम्बिनेशन न करता निवडक नऊ रनमध्ये प्रयोग बसवणारा तक्ता) आणि शेवटी सरफेस फिनिश, म्हणजे आरए, पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा. विषय घासून गुळगुळीत झालाय, पण म्हणून टाकाऊ नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठल्याही शॉपमध्ये जा, हा प्रश्न रोज पडतो. अडचण निराळी आहे. सॉफ्टवेअरपुढे आठवडेच्या आठवडे जातात आणि मशीनपुढे एखादी दुपार. मग तक्त्यात लिहिलेली लेव्हल (स्पीड, फीड किंवा डेप्थचा ठरवलेला आकडा) आणि जॉबवर खरोखर लागलेली लेव्हल यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसलाय का हे कोणी पाहतही नाही.

एकाच बारवर नऊ रन, आरपीएम मात्र आधीच ठरलेले

ही चूक सगळ्यांत महागात पडते आणि प्रबंध वाचताना पटकन दिसत नाही, म्हणून ती आकड्यांनिशी उलगडून सांगतो.

५० मिमीचा बार घेतला. स्पीड १२०, १५० आणि १८० मी/मिनिट. डेप्थ ०.५, १ आणि १.५ मिमी. विद्यार्थी ५० मिमी व्यासावर आरपीएम काढतो: ७६४, ९५५, ११४६. प्रोग्रामला जी९७ (आरपीएम कायम ठेवणारा कोड) लावून हे तीन आकडे टाकतो. मग बार एकदाच चकमध्ये धरून, एल९ च्या क्रमाने, एकावर एक नऊ पास घेतो. प्रत्येक पासनंतर आरए मोजतो आणि पुढचा पास चालू. मटेरियल वाचलं, सेटिंग एकदाच, काम दुपारच्या जेवणाआधी संपलं.

आता व्यास बघा. पहिल्या रनमध्ये ०.५ डेप्थ, दोन्ही बाजूंनी, म्हणजे ५० चा ४९ झाला. दुसऱ्यात १ मिमी, ४७. तिसऱ्यात १.५, ४४. असं करत नववा रन सुरू होतो तेव्हा बार ३४ मिमीचा उरलेला असतो. आरपीएम मात्र ५० च्या हिशेबाचे. प्रत्येक रन सुरू होतानाचा व्यास धरून प्रत्यक्षातला स्पीड काढा:

तक्त्यात १२० लिहिलेले तीन रन: १२०, ११७.६, ११२.८.
तक्त्यात १५० लिहिलेले तीन रन: १३२, १२६, ११७.
तक्त्यात १८० लिहिलेले तीन रन: १३६.८, १२६, १२२.४.

पाचवा रन १५० चा आणि आठवा १८० चा, असं कागदावर आहे. मशीनवर दोन्ही १२६ ने झाले. तिन्ही लेव्हलच्या सरासऱ्या अंदाजे ११७, १२५ आणि १२८ येतात. ज्या फॅक्टरला ६० मी/मिनिटाचा पल्ला द्यायचा होता, त्याला जेमतेम ११–१२ चा मिळाला. मग ॲनोव्हामध्ये (कुठल्या फॅक्टरचा वाटा किती हे काढणारं सांख्यिकी विश्लेषण) स्पीडचा वाटा नगण्य येतो आणि निष्कर्षात ठामपणे छापलं जातं, ‘कटिंग स्पीडचा आरएवर लक्षणीय परिणाम होत नाही.’ हा निष्कर्ष ईएन८ बद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त जी९७ बद्दल सांगतो.

एवढ्यावर थांबत नाही. नऊ रन इन्सर्टच्या (टूलच्या बदलता येणाऱ्या टोकाच्या) एकाच एजवर, म्हणजे धारेवर, घेतले असतील तर १८० चे तिन्ही रन सगळ्यांत झिजलेल्या एजला आणि सगळ्यांत बारीक झालेल्या बारला आले. बारीक बार जास्त वाकतो, कंप पावतो. म्हणजे ‘स्पीड’ नावाच्या कॉलममध्ये झीज, कंप आणि थोडासा स्पीड असा काला झाला. सॉफ्टवेअरला हे वेगळं करता येत नाही, कारण तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही.

उपाय सोपा आहे, फक्त थोडा खर्चाचा. एकाच हीटच्या (एकाच वेळी वितळवून ओतलेल्या मालाच्या) बारमधून साधारण ८० मिमी लांबीचे तुकडे कापून घ्या. ३० मिमी चकमध्ये, ५० मिमी बाहेर. ओव्हरहँग व्यासाएवढाच राहतो, टेलस्टॉकची गरज पडत नाही. बार ५० चा हवा तर ५३ किंवा ५५ चा मागवा. नऊ वेळा करायला कंटाळा येतो, तरीही प्रत्येक तुकड्यावर स्किन कट (वरची साल काढणारा कट) घेऊन सगळे एकाच व्यासाला आणा. काळ्या सालीवर टेस्ट कट घेऊ नका. प्रोग्राममध्ये जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावा आणि जी५० ने स्पिंडलची कमाल मर्यादा बांधा. फानुकवर (सीएनसी कंट्रोलची एक कंपनी) जी९६ मध्ये कंट्रोल टूलच्या एक्स स्थितीवरून, म्हणजे कापून झालेल्या व्यासावरून आरपीएम ठरवतो. तुम्ही स्पीड कुठल्या व्यासावर धरलाय ते प्रबंधात एका ओळीत लिहा. रन चालू असताना स्क्रीनवरचा प्रत्यक्ष आरपीएम वहीत टिपा. तसा कॉलम वहीत नसेल तर त्या प्रयोगावर माझा विश्वास बसत नाही.

साध्या गिअर हेडच्या लेथवर करत असाल तर मशीनच्या पाटीवर जे आरपीएम आहेत त्यांतूनच लेव्हल निवडा. १५० पाहिजे म्हणून १५० लिहायचं आणि जवळचा गिअर टाकायचा, हे चालणार नाही.

इन्सर्ट वाचवू नका

सीएनएमजी १२०४०८ ला चार एज असतात, दोन वर, दोन खाली. नऊ रनना तीन इन्सर्ट पुरतात आणि तीन एज उरतात. प्रत्येक रनला नवी एज. याच्यात घासाघीस करण्यासारखं काही नाही. आणि डबीवरचा नंबर वाचा: शेवटचा ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी, ०४ म्हणजे ०.४. सेटरने टेबलावर ठेवलेला सुटा इन्सर्ट उचलून लावला तर तुमच्या अख्ख्या अभ्यासाचा पाया कुठला, तेच कळणार नाही.

क्रम

एल९ च्या ओळी एक ते नऊ अशाच क्रमाने चालवू नका. चिठ्ठ्या टाका. स्पिंडल आधी पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या.

आरए मोजताना

टेस्टर (आरए मोजणारं उपकरण) वापरण्याआधी सोबतच्या प्रमाण नमुन्यावर तपासा, जॉबवरचं कूलंट पुसा, स्टायलस (टेस्टरची सुई) अक्षाच्या दिशेने फिरू द्या, चक न सोडता १२० अंशांवर तीन ठिकाणी वाचन घ्या. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

राहतो तो कटऑफ, म्हणजे किती मिमी लांबीपर्यंतचे चढउतार टेस्टर खडबडीतपणा म्हणून मोजतो ती मर्यादा. ०.२ मिमी/फेरी फीडने कापलेल्या जॉबवर दर ०.२ मिमीला एक खूण असते. कटऑफ ०.८ असेल तर ती खूण मोजली जाते. आधीच्या कोणी ग्राइंडिंगच्या जॉबसाठी तो ०.२५ वर नेऊन ठेवला असेल, तर फिल्टर त्या खुणांचा बराच भाग गाळून टाकतो आणि आरए फसवा चांगला येतो. टेस्टर हातात घेतला की आधी सेटिंग बघा. ०.८ कटऑफ, पाच लांब्या म्हणजे ४ मिमी, आणि सगळ्या जॉबना तेच. ही माझी पद्धत, आणि हे तिन्ही आकडे प्रबंधात आलेच पाहिजेत.

वाचन बरोबर आलंय का, हे ओळखायला एक साधा हिशेब आहे. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची ३२ पट. ०.८ नोजला ०.१ फीडवर सैद्धांतिक आरए ०.३९ मायक्रॉन, ०.१५ वर ०.८८, ०.२ वर १.५६. मोजलेला आकडा सहसा याच्या वर असतो: झीज, कंप, कमी स्पीडला एजवर चिकटणारं मटेरियल, हे सगळं भर घालतं. ०.२ फीडवर आरए १ मायक्रॉन आला तर आनंद मानू नका. इन्सर्ट वायपर (मुद्दाम जास्त गुळगुळीत फिनिश देणारा) आहे का, नोज १.२ चा आहे का, कटऑफ कितीचा आहे, हे तपासा. हा सैद्धांतिक कॉलम मोजलेल्या कॉलमशेजारी ठेवणारा विद्यार्थी क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याचं काम आवडीने वाचावंसं वाटतं.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ०.१ वरून ०.२ वर गेलात की सैद्धांतिक आरए चौपट होतो. तेव्हा ‘आरएवर फीडचा परिणाम सर्वाधिक’ हे प्रयोग न करताही सांगता येतं. संशोधन सुरू होतं ते यापुढे. मोजलेला आकडा सैद्धांतिकपेक्षा किती वर गेला आणि तो कुठल्या स्पीडला जास्त गेला, याचं उत्तर द्या.

चार फॅक्टर, नऊ रन आणि ॲनोव्हा

दुसरी मोठी चूक इथे होते, आणि ती निव्वळ घाईची आहे. एल९ ला चार कॉलम असतात म्हणून चार फॅक्टर कोंबायचे: स्पीड, फीड, डेप्थ आणि जोडीला कूलंट किंवा नोज रेडियस. नऊ वाचनं म्हणजे एकूण आठ डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलना). तीन लेव्हलच्या प्रत्येक फॅक्टरला दोन लागतात. चार दुणे आठ. एररसाठी, म्हणजे फॅक्टरांच्या खात्यात न जाणाऱ्या फरकासाठी, शून्य उरलं. सॉफ्टवेअर एफ आणि पीच्या (परिणाम खरा की योगायोग हे ठरवणाऱ्या आकड्यांच्या) जागी चांदण्या दाखवतो. तो बिघडलेला नसतो. तुलना करायला एररच नाही, असं तो सांगत असतो.

यावर शॉर्टकट ठरलेला. सगळ्यांत लहान आकडा आलेला फॅक्टर काढून त्याला एरर म्हणायचं, म्हणजे पूलिंग. निकाल बघून सर्वांत छोटा तुकडा एरर म्हणून निवडला की बाकीचे तीन त्याच्यापुढे मोठे दिसणारच. पूलिंग करायचंच तर कुठला फॅक्टर पूल करणार ते प्रयोगाआधी लिहून ठेवा. नंतर नको.

तीन फॅक्टर घेतले तर एररला दोन डिग्री उरतात. पण २ आणि २ वर पाच टक्क्यांचा एफ १९.०० आहे. म्हणजे फीडसारखा दांडगा फॅक्टर सोडला तर दुसरं काही पकडीत येणं अवघड. हेच नऊ रन प्रत्येकी तीन तुकड्यांवर केले, एकूण २७ जॉब, तर एररला २० मिळतात आणि एफची मर्यादा ३.४९ वर येते. १८ तुकडे आणि काही इन्सर्ट जास्त लागले, पण आता स्पीडबद्दल काहीतरी बोलता येईल.

इथे ‘तीन वाचनं घेतली आहेतच की’ असं उत्तर हमखास येतं. एकाच जॉबवरची तीन वाचनं म्हणजे तीन जॉब नव्हेत. त्यांतला फरक टेस्टरचा आणि त्या पृष्ठभागाचा आहे. पुन्हा बांधणी, नवी एज, नवा तुकडा, यांचा फरक त्यात नाही. अशी २७ वाचनं २७ रन म्हणून सॉफ्टवेअरला दिली की एरर खोटा लहान होतो आणि सगळेच फॅक्टर सिग्निफिकंट ठरतात. तीन वाचनांची सरासरी काढा, ती त्या जॉबचं एक वाचन.

एस/एन (सिग्नल-टू-नॉइज) रेशोचंही तेच. प्रत्येक रनला एकच आकडा असेल तर ‘स्मॉलर द बेटर’चा एस/एन म्हणजे त्याच आकड्याचा लॉग, उणे २० ने गुणलेला. विखुरणं मोजायला काही नसताना ‘रोबस्ट’ हा शब्द वापरू नका.

इंटरॲक्शन (एका फॅक्टरचा परिणाम दुसऱ्याच्या लेव्हलप्रमाणे बदलणं) तपासलं नाही तर तसं स्पष्ट लिहा. पहिल्या दोन कॉलममधलं स्पीड-फीड इंटरॲक्शन एल९ मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या कॉलममध्ये मिसळलेलं असतं, म्हणजे तुमच्या डेप्थच्या कॉलममध्येही. ते मोजायचं तर एल२७ (२७ रनचा ॲरे) घ्या. ऑर्थोगोनल ॲरेमागचं गणित सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मांडलं. आपल्याच देशात घडलेल्या कामाचा तक्ता आपणच न वाचता वापरावा, याचं वाईट वाटतं.

मॅनेजमेंटकडचे प्रबंध

टर्निंगऐवजी मॅनेजमेंटचा विषय घेतला असेल तर याही चुका टाळा. ओईई (मशीनच्या वापराची एकूण परिणामकारकता) काढताना आयडियल सायकल टाइम लॉगबुकातल्या सरासरीवरून घेऊ नका. परफॉर्मन्स आपोआप शंभरच्या आसपास येईल. पाच मशीनच्या ओईईची साधी सरासरी लाइनचा ओईई म्हणून देऊ नका. टाइम स्टडीत रेटिंग (कामगाराच्या वेगाची दुरुस्ती) आणि अलाउन्स (विश्रांती वगैरेची भर) दोन्ही सोडून नुसता स्टॉपवॉचचा वेळ स्टँडर्ड टाइम म्हणून लिहू नका. ‘आधी’चा आठवडा आणि ‘नंतर’चा आठवडा यांत जॉबचं मिश्रण तेच होतं का, ते दाखवा. प्रश्नावली सुपरवायझरसाठी असेल तर ती वर्गमित्रांकडून भरून घेऊ नका.

ऑप्टिमम लिहिण्याआधी

कन्फर्मेशन रन (निवडलेलं कॉम्बिनेशन पुन्हा कापून पडताळणं) किमान तीन तुकड्यांवर घ्या, नव्या एजने. ऑप्टिमम कॉम्बिनेशन नऊ ओळींत आधीच असेल तरीही. मॉडेलने वर्तवलेला आकडा आणि त्याचा इंटरव्हल रन घेण्याआधी वहीत लिहा.

आणि ‘सर्वांत कमी फीड हेच ऑप्टिमम’ असं लिहून प्रबंध बंद करू नका. स्पीड १५०, डेप्थ १ मिमी धरली तर ०.१ फीडवर मिनिटाला १५ घन सेंमी मटेरियल निघतं, ०.१५ वर २२.५, ०.२ वर ३०. ड्रॉइंगवर आरए १.६ मागितलाय. ०.८ नोजने ०.२ फीडवर सैद्धांतिक आकडाच १.५६ आहे, तिथे श्वास घ्यायला जागा नाही. ०.१५ वर ०.८८ आहे, थोडी झीज झाली तरी जॉब पास होईल, आणि ०.१ च्या दीडपट काम निघेल. प्रॉडक्शन मॅनेजरला हाच आकडा हवा असतो: ०.१५ फीडवर एक एज किती जॉब देते आणि कितव्या जॉबला आरए १.६ ओलांडतो. तेवढे जॉब लागोपाठ कापा, दर पाचव्या जॉबला आरए मोजा आणि तो आलेख शेवटच्या प्रकरणात घाला.