पाण्याचं रॉकेट उडवायचंय? आधी लाँचर नीट बांधा

येत्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, सोसायटीतल्या किंवा शाळेतल्या पोरांना घेऊन रॉकेट उडवायचं मनात असेल तर जानेवारीतच सामान गोळा करायला घ्या. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच. दारू भरून, घरी इंधन ओतून मोटर बनवायचा विषय इथे नाही. १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि २००८ चे नियम त्याला लागू होतात, परवान्यांचं काम नागपूरच्या पेसोकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेकडून, चालतं आणि स्वयंपाकघरात केलेल्या असल्या प्रयोगात बोटं जातात. हवा आणि पाणी वापरून रॉकेट आठ-दहा मजल्यांइतकं वर जातं. पोरांना तेवढं रगड झालं.

रॉकेट म्हणजे तोंड खाली करून बसवलेली बाटली. ती कोल्ड्रिंकचीच हवी, सव्वादोन लिटरची. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली गॅसचा दाब सोसायला बनवलेलीच नसते, ती चुकूनही घेऊ नका. टपरीबाहेर उन्हात पडलेली, चरे गेलेली किंवा एकदा चेपून पुन्हा फुगवलेली बाटली थेट भंगारात टाका. लग्नाच्या हॉलवर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर पोतंभर चांगल्या बाटल्या फुकट मिळतात. झाकणंही मागून घ्या, पुढे कामाला येतात.

खरी मेहनत लाँचरवर, म्हणजे बाटली ज्यावर बसते आणि जिथून सुटते त्या उभ्या पाइपावर, घ्यायची. रॉकेट पोरं कसंही करतील, वाकडं झालं तर वाकडं उडेल. लाँचर मात्र मोठ्या माणसाने बांधायचा. गावात प्लंबिंगच्या दुकानात जाताना पिशवीत एक बाटली ठेवा. अर्धा इंची पाइप म्हटलं की दुकानदार तीन वेगवेगळे पाइप काढून ठेवतो. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी बाहेरून जेमतेम १६ मिलिमीटर भरतो, शेतीचा २० चा असतो आणि हे दोन्ही बाटलीच्या तोंडात खुळखुळतात. आपल्याला हवा तो पांढरा यूपीव्हीसी, बाहेरून २१.३ मिलिमीटरचा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेबावीसच्या आसपास असतो, त्यामुळे हा अगदी मापात बसतो. त्यातही शेड्यूल ८० घ्या. त्याची भिंत जाड असते आणि आपल्याला तिच्यात खाच पाडायची आहे.

ही खाच ओ-रिंगसाठी. दोन मिलिमीटर जाडीची रबरी ओ-रिंग घ्यायची आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कुणी ओळखीचा लेथवाला असेल तर त्याच्याकडून पाइपावर दीड मिलिमीटर खोल खाच मारून घ्यायची. ती पाइपाच्या टोकाशी नको, बाटली पूर्ण बसल्यावर तिच्या गळ्यात येईल इतकी खाली हवी. पाइपाचं वरचं टोक बाटलीत पाण्याच्या पातळीच्याही वर निघालं पाहिजे, नाहीतर भरलेलं पाणी उलटं नळीत उतरेल आणि पंपापर्यंत पोचेल. बाटली चढवताना रिंगेला साबणाचं पाणी लावा. सुकी रिंग पहिल्याच दिवशी कापली जाते.

बाटली धरून ठेवायला प्लास्टिकचे केबल टाय लागतात. पाइपाभोवती आठ-दहा टाय उभे लावायचे, सगळ्यांची डोकी एका रेषेत, बाटलीच्या गळ्याखालच्या कड्यावर नेमकी अडकतील अशी. खालची शेपटं होज क्लॅम्पने आवळायची. वरून मोठ्या पाइपाचा चार बोटं लांबीचा तुकडा सरकवला की डोकी दाबली जातात आणि बाटली हलत नाही. दोरी ओढून तुकडा खाली आला की डोकी मोकळी होतात आणि रॉकेट सुटतं. या सरकत्या तुकड्याचं माप मी इथे देत नाही, कारण टायच्या डोक्यांप्रमाणे ते बदलतं. टाय लावलेला पाइप आणि बाटली दुकानात नेऊन तिथेच घालून बघा. घट्ट झाला तर दोरी ओढताना आख्खा लाँचर आडवा होतो.

पाया जड असू द्या. जाड प्लायवर पाइप उभा कसून चारही कोपऱ्यांना तंबूच्या खुंट्या ठोकल्या की काम झालं.

आता हवेची बाजू. सायकलचा पंप थेट पाइपाला जोडू नका, कारण मग पंप मारणारा बाटलीच्या शेजारीच बसतो. सातपूर-अंबडकडे न्यूमॅटिकच्या दुकानात आठ मिलिमीटरची पीयू नळी (हवेची लवचीक प्लास्टिक नळी) मिळते, ती सहा-सात मीटर घ्या आणि सोबत ती पाइपाला जोडायला पुश फिटिंग. नळीच्या पंपाकडच्या टोकाला एक टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, लावा. तिच्या एका तोंडाला पंक्चरवाल्याकडून आणलेला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह, दुसऱ्याला छोटा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हाताने फिरवून उघडायचा कॉक. हा कॉक लोक वाचवतात, खर्च वाढतो म्हणून. पण टाय अडकले आणि दोरी ओढूनही बाटली सुटली नाही तर हवा सोडायची कशी? दाबाखालच्या बाटलीजवळ कुणीही जायचं नाही, हे ठरलेलं असेल तर कॉक लांबूनच उघडता आला पाहिजे. पंप उभा, मीटरवाला घ्या. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, आपली कमाल ६०. मैदानावर कितीही आग्रह झाला तरी त्यापुढे काटा न्यायचा नाही.

मैदानावर जायच्या आधी घरी एक चाचणी करायचीच. लाँचर आणि बाटली पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडासुद्धा आत ठेवू नका, वर जुनी चादर टाका, लांब बसा आणि पंपाने ९० पर्यंत न्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून अशा चाचणीत काही फुटलं तर नुसतं पाणी सांडतं. तेच हवेने भरलेलं फुटलं तर पीव्हीसीचे धारदार तुकडे उडतात. एवढ्याचसाठी उभ्या पाइपाला बाहेरून दोन थर कापडी टेप गुंडाळून ठेवायची. प्रत्येक नवी बाटलीही अशीच तपासून मार्करने खूण करा.

रॉकेटला पंख लागतील. फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे तुकडे पडलेले असतात, तेवढे पुरतात. ग्लू गनने चिकटवू नका, गरम गोंदाने बाटलीची भिंत मऊ पडते. दुहेरी टेप बरी. नाकात शाडूची मूठभर माती भरा, वरून मऊ फोमचा चेंडू बसवा. टोकदार किंवा धातूचं काहीही नको. मग रॉकेटचा तोल जिथे साधतो तिथे दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, शेपूट पुढे येत असेल तर नाकात अजून माती घाला.

जागा हा नाशिकमध्ये डोकेदुखीचा भाग. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांची आणि क्रिकेटची गर्दी, तिथे नको. देवळाली कॅम्पच्या बाजूला लष्कराचा भाग आणि ओझरला विमानतळ, तिकडे वळूच नका. दिंडोरीकडे मोकळी शेतं आहेत, पण फेब्रुवारीत द्राक्षाच्या बागा भरात असतात आणि मांडवात पडलेली बाटली काढताना घड गळाले तर शेतकरी काय बोलेल ते पोरांसमोर ऐकायला नको वाटेल. कांदा काढून रिकामं झालेलं रान बघा, मालकाला आधी विचारा, वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री करा. सकाळी नऊच्या आत आटपा, नंतर वारा सुटतो.

निघताना गाडीत वीस लिटरचा जार, मोजमापाचा डबा, फनेल, सगळ्यांना पारदर्शक गॉगल, सुटी ओ-रिंग, दहा टाय, पक्कड आणि प्रथमोपचाराची पेटी असू द्या. एका उड्डाणाला बाटलीच्या एक तृतीयांश पाणी, म्हणजे पाऊण लिटर धरा. पोरं लाँचरपासून किमान दहा मीटर मागे, चुन्याची रेघ मारून. दोरी एकाच्याच हातात, आणि तो मोठ्याने उलटे आकडे मोजल्याशिवाय ओढणार नाही.

प्रत्येक उड्डाणानंतर बाटलीवर मार्करने एक रेघ मारा. दहा रेघा झाल्या किंवा नाकावर आपटून बाटलीला पांढरी घडी पडली की ती बाद. परत येताना नळीतलं पाणी काढून टाका, नाहीतर व्हॉल्व्हची सुई गंजते. आणि साठवून ठेवलेली झाकणं चांगल्या बाटल्यांना लावून ठेवा, म्हणजे गळ्याचा काठ पुढच्या वेळेपर्यंत चरत नाही.