थायलंड-व्हिएतनाममध्ये ‘नॉनव्हेज नको’ एवढ्यानं भागत नाही

‘नो मीट’ सांगितलं, ताटात भाजीच आली, पण वास मात्र माशाचा. विदर्भातल्या खेड्यातून सहलीला गेलेला शाकाहारी माणूस फसतो तो इथंच. खारवलेल्या माशाचं पाणी थायलंडमध्ये मिठाच्या जागी पडतं. त्याला नाम प्ला म्हणतात, आणि तिथल्या लेखी ते मांस नव्हेच.

म्हणून थायलंडमध्ये ‘किन जे’, म्हणजे ‘जे’ पद्धतीचं शाकाहारी खातो, असं म्हणा. पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी ही ‘जे’ जेवणाची खूण. त्यात मांस, मासे, अंडं, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो; माळकऱ्यांची सोय झाली. व्हिएतनाममध्ये ‘आन चाय’ म्हणा. इथं चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहार! चांद्र महिन्याच्या 1ल्या आणि 15व्या दिवशी तिथले बरेच लोक चाय पाळतात, त्या दिवशी गाड्यांवर शाकाहारी पदार्थ जास्त मिळतात. ताटात हुबेहूब माशासारखं काही दिसलं तर घाबरू नका, बहुतेक ते टोफूचं (सोयाबीनच्या पनीरासारखं) किंवा सोयाचंच असतं.

थायलंडचं सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मात्र गाडीजवळ उभं राहूनच करून घ्या. खलात लसूण, मिरची, शेंगदाणे, बरबटीच्या शेंगा आणि कच्च्या पपईचा कीस कुटतात, वरून लिंबू आणि ताडगूळ. कुटायच्या आधीच सांगा: ‘माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग’, म्हणजे माशाचं पाणी नको, सुकी झिंगी नको. खल धुवायला लावा. आधीच्या गिऱ्हाइकाचा खारवलेला खेकडा त्यातच कुटलेला असू शकतो. मिरच्या किती ते बोटांनी दाखवा, आणि भिवापुरीच्या तोऱ्यात पाच बोटं दाखवू नका. पहिल्यांदा दोन पुरेत. त्या इवल्याशा मिरच्या दिसतात त्यापेक्षा फार जहाल असतात.

सकाळच्या बाजारात एक फेरी माराच. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे गडचिरोलीकडचे वास्ते, ढिगानं दिसतील. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्याही.

देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. बायकांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही.

चिकट भात थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये हातानंच खातात. उजव्या हाताच्या बोटांनी छोटा गोळा दाबायचा आणि चटणीला टेकवायचा. भात घेतला की तो ज्या टोपलीत येतो तिचं झाकण लगेच लावा. उघडी राहिली की वरचा भात वाळून चामट होतो.