जुन्या कारखान्याच्या जागेवर बांधण्याआधी

यंत्रं भंगारात गेली, शेड पाडली, की जागा मोकळी झाल्यासारखी वाटते. व्यवहार तेवढ्यावर करू नका. १९५३ साली अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातली लव्ह कॅनॉलची जमीन शाळामंडळाला एका डॉलरला मिळाली होती. खाली सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरलेला होता. शाळा झाली, घरं झाली आणि १९७८ साली आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली.

तेव्हा माती-पाण्याचे नमुने काढायला बोअरचं यंत्र बोलावण्याआधी जुने नकाशे, परवाने, हवाई छायाचित्रं जमवा आणि तिथे राबलेली दोन-तीन माणसं गाठा. वापरलेलं तेल कुठल्या भिंतीमागे ओतलं जायचं हे कागदावर नसतं, जुन्या फिटरला पक्कं ठाऊक असतं. धंदा कळला की काय शोधायचं ते कळतं: कातडी कमावत असतील तर क्रोमियम, जुने ट्रान्सफॉर्मर असतील तर पीसीबी (त्यांच्या तेलातलं विषारी रसायन), कोळशापासून गॅस काढत असतील तर डांबर आणि सायनाइड. अशा मातीला डांबरगोळ्यांचा वास येतो, मधूनच निळे डाग दिसतात. पुरलेल्या टाक्या आणि पाइपही आधीच शोधून ठेवा.

नमुने घेताना कंजूषी नको. पेट्रोल भूजलावर तरंगतं, ट्रायक्लोरोएथिलीन (धातूवरचं तेल-ग्रीस धुवायचं द्रावण) पाण्याहून जड, ते तळ गाठतं. एकाच खोलीवरचा नमुना हमखास फसवतो. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी पाण्याची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा; बुडबुडा दिसला तर नमुना पुन्हा घ्या. बाटल्या बर्फात ठेवूनच प्रयोगशाळेत न्या. बोअरने चिकणमातीचा थर भेदला असेल तर भोक बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) बुजवा, नाहीतर वरचं विष आपणच खाली पोचवतो.

जागेवर काय होणार हे साफसफाईची पद्धत निवडण्याआधी ठरवा. गोदामाखाली चालेल ते मुलांच्या मैदानाखाली चालत नाही. घरं येणार असतील तर जोत्याखाली वाफरोधक पडदा आणि हवा बाहेर काढणारे पाइप आराखड्यातच हवेत, कारण जमिनीतल्या रसायनांची वाफ फरशीच्या बारीक भेगेतूनही वर येते. माती उचलणार असाल तर ट्रकवर ताडपत्री, फाटकाशी चाकं धुवायची सोय, आणि भरावाला येणाऱ्या मातीचीही चाचणी (हे हटकून राहतं). वरून थर घालून झाकणार असाल तर तो थर वर्षानुवर्षं कोण तपासणार, पैसे कोण देणार, हे खरेदीखतातच लिहून घ्या.