थंडी पडायच्या आत गादीवाफ्याचे थर भिजवून घ्या

पाला, पेंढा, शेण यांचे थर रचून केलेले गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) हिवाळ्यात फसलेले मी बरेच पाहिले, आणि त्यातले बहुतेक एकाच कारणाने फसले. थर कोरडेच रचले होते. बी चांगलं, शेणखत चांगलं, जागा उन्हाची, पण पाला-पेंढा भरताना कोणी पाणी मारलं नाही. "वरून रोज देतोच की" म्हणून सोडून दिलं.

वरून दिलेलं पाणी कोरड्या पेंढ्यात मुरत नाही. ते फटींतून आणि कडेकडेने निघून जातं. एका वाफ्यात फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढे होऊन थांबले होते. मी हात घालून उकरलं. वरची चार बोटं माती काळी, ओली. त्याखाली पेंढा भरल्या दिवशी होता तसाच पिवळा, चकचकीत. तळाच्या पुठ्ठ्यावरची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. मुळं त्या कोरड्या थराला टेकून आडवी वळली होती. तोवर दुकानदाराने त्या शेतकऱ्याच्या गळ्यात दोन टॉनिकं आणि 'पाला कुजवणारं' कल्चर (कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं मिश्रण) मारलं होतं. पाण्यावाचून कुठलंही कल्चर काम करत नाही.

आता घाई एवढ्यासाठी की मातीचं तापमान 10 अंशांच्या खाली गेलं की कुजण्याचं काम फार मंदावतं. आज कोरडा राहिलेला थर मग उन्हाळा लागेपर्यंत तसाच पडून राहील. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी वाफा रचून झाला पाहिजे.

पाणी किती? 10 किलो कोरड्या पाल्याला सुमारे 12 लिटर. आकडा ऐकून लोक दचकतात, पण एवढं लागतंच. पेंढा आदल्या रात्री भिजत घाला. पुठ्ठा बादलीत बुडवून मऊ झाला की मगच अंथरा. थरातला मूठभर माल घट्ट पिळा: बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर परत भिजवा. ही परीक्षा प्रत्येक थराला करायची, फक्त वरच्या नाही.

रचना:
- रुंदी 90 ते 120 सेंमी, उंची 45 सेंमी (पुढे बसून जवळपास निम्मी होते)
- तळाला पुठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून
- 10 सेंमी वाळलेला पाला किंवा पेंढा (भिजवून), त्यावर 5 सेंमी शेण किंवा हिरवा पाला, असे आलटून पालटून
- सगळ्यात वर 10 ते 15 सेंमी माती आणि पूर्ण कुजलेलं खत

चौथ्या आणि दहाव्या दिवशी लोखंडी सळई वाफ्याच्या मधोमध खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. कोमट, ओलसर लागली तर काम सुरू आहे. गार आणि कोरडी आली तर आत पाणी पोहोचलेलं नाही. माझा आणखी एक अंदाज सहसा चुकत नाही: वाफ्यात मुंग्यांनी घर केलं की आत कोरडं आहे असं धरून चाला. अशा वेळी पहारीने वीतभर अंतरावर भोकं पाडा आणि झारीने थांबून थांबून तीन वेळा पाणी सोडा. एकदम ओतलंत तर परत कडेनेच जाईल. आंबूस वास आला तर मात्र पाणी बंद, नुसती भोकं पाडून हवा खेळू द्या.

लागवडीनंतर खालची पानं पिवळी पडू लागली की सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणायला धावू नका. आधी सळई खुपसा. ओल ठीक असेल तर बहुधा न कुजलेला पाला नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो आहे. युरिया 1 टक्का, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, संध्याकाळी एकदा फवारा.

पिकं:
- पहिल्या हंगामात पालक, मेथी, लसूण, कोबी, फ्लॉवर
- गाजर पुढच्या वर्षी, अर्धवट कुजलेल्या थरात त्याला फाटे फुटतात
- रोपं 4 ते 5 आठवड्यांची, त्याहून जून नकोत
- बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी), किलोला 4 ते 5 ग्रॅम
- माव्यासाठी पिवळे चिकट सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क: 250 ग्रॅम कुटलेली निंबोळी 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून

कडाक्याची थंडी पडणार असं कळलं की दुपारीच वाफ्याला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री रोपांना देते, कोरडा वाफा मात्र झपाट्याने गार पडतो. कडेच्या ओळी आधी सुकतात, तिथे झारी दुसऱ्यांदा फिरवा. ऊन उतरायच्या आत वाफ्यावर कमानी रोवून त्यांवर कापड टाका, सकाळी ऊन आलं की काढा. आणि कापड टाकण्याआधी सळई एकदा आत घालून बघाच.