जुन्या वस्तूंचा दुकानदार गुन्हा उकलतो: कोझी रहस्यमाला कशी रचावी

इंग्रजीत ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथांत खून होतो, परंतु तो वाचकासमोर घडत नाही. रक्तपाताची वर्णने टाळली जातात, तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते आणि शेवटी गुन्हेगार सापडतो. अशा कथांत जुन्या वस्तूंचा व्यापारी वारंवार नायक होतो, याचे कारण समजून घेतल्याशिवाय मुंबईतली मालिका रचायला बसू नये. हौशी गुप्तहेराला परक्या घरात शिरायला निमित्त लागते. बँकेतला कारकून तिसऱ्या खुनाच्या घरीही कसा पोहोचला, हे पटवताना लेखकाची दमछाक होते. जुन्या वस्तू घेणाऱ्याला मात्र लोक स्वतःच बोलावतात, आणि तेही नेमके घरातले माणूस गेल्यावर, वाटणीवरून भावंडांत अबोला धरला गेल्यावर किंवा चाळ पुनर्विकासाला निघाल्यावर.

म्हणून आधी दुकान ठरवावे. चोर बाजारातली मटण स्ट्रीट चटकन सुचते, पण माझ्या मते दुकान गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या तळमजल्यावर असावे आणि नायकाने चोर बाजारात फक्त मालासाठी जावे. इंग्लंडमधल्या कथांना जे खेडे लागते, ते मुंबईत चाळीची गॅलरी पुरवते: कोणाकडे कोण आले आणि किती वेळ थांबले, हे तिथे विचारावे लागत नाही. शुक्रवारी चोर बाजारातली नेहमीची बरीच दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुना माल मांडला जातो. चोरीची वस्तू नायकाच्या नजरेस पडायला यापेक्षा सोयीचा वार नाही.

खरी मेहनत दुव्यांवर घ्यावी. दुवा वस्तूतच असावा, तो वाचकाला आधी दाखवलेला असावा आणि तो ओळखायला नायकाचा धंदाच उपयोगी पडावा. समजा, एक वारस मोहोरबंद पेटी पुढे करतो आणि ती १८७० सालापासून उघडलेलीच नाही असे सांगतो. पेटीत चांदीचे रुपये आहेत. नायक एक रुपया काट्यावर ठेवतो, कारण नकली नाणे बहुधा वजनात चुकते, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा भरते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. नाण्यावर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ अशी अक्षरे आहेत, हे आपण त्याआधीच्या वाक्यात सहज सांगून टाकलेले असते. १८७६ पर्यंतच्या रुपयावर ‘क्वीन’ असे, ‘एम्प्रेस’ १८७७ पासून आले. तेव्हा पेटी मध्यंतरी कोणीतरी उघडली होती. वाचकाचे लक्ष काट्याकडे गेले, यात लेखकाने लबाडी केलेली नाही.

नाण्यापेक्षाही मला भांडी अधिक भरवशाची वाटतात, कारण मराठी घरांत भांड्यावर नाव घालून घेण्याची रीत आहे आणि ती नावे सहसा कोणी पुसत नाही.

“काकू, हा डबा तुमच्याकडचाच ना?”

“माझ्या लग्नातला आहे. चिंच लावून घासला की कसा लखलखतो बघा. काय द्याल?”

नायक डबा खिडकीकडे धरतो. कडेखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते: ‘चि. मालूस आहेर, सदूमामा, १२-५-७८’. दुसऱ्या मजल्यावरच्या सदूमामांनी मात्र पोलिसांना सांगितलेले असते की, पंधरा वर्षांपूर्वी इथे राहायला येईपर्यंत या कुटुंबाची आपल्याला ओळखही नव्हती. एवढ्यावर खून सिद्ध होत नाही. सदूमामा खोटे बोलले असावेत इतकाच संशय येतो आणि मधल्या प्रकरणांना तेवढा पुरतो. काकूंना मात्र त्या क्षणी काही कळू देऊ नये.

हेतूसाठी १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा अभ्यास करावा. किमान शंभर वर्षांची मूर्ती, शिल्प, चित्र यांसारखी वस्तू, तसेच किमान पंच्याहत्तर वर्षांचे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित त्याच्या कक्षेत येते; अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. घरात कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या पोथीसाठी कोणी का धडपडतो, याचे उत्तर इथे मिळते. नायक स्वतः मात्र या बाबतीत स्वच्छ असावा. इंग्रज लेखक जोनाथन गॅश यांचा लव्हजॉय हा जुन्या वस्तूंचा व्यापारी १९७७ मध्ये कादंबरीत अवतरला, तो वस्तूंचा विलक्षण पारखी, पण चांगलाच लबाड. कोझीच्या वाचकाला इतका लबाड माणूस रोज चहाला नको असतो.

मालिका लांबली की एकाच चाळीत किती खून पाडायचे, हा प्रश्न येतोच. दर वेळी खून हवाच असे नाही. बनावट मृत्युपत्र किंवा नाहीशी झालेली समईसुद्धा एक पुस्तक पेलते. माणसे तीच ठेवावीत, वस्तू बदलावी. आणि गुन्हेगार पकडला गेल्यावर ती वस्तू कुठे गेली, हे सांगायला विसरू नये: काकूंची मुलगी डबा परत न्यायला येते, नायक तो वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हाती देतो आणि वहीत त्यापुढे लिहिलेली किंमत खोडतो.